लॉगला वेगळी डिस्क : शिक्रापुरातली एक रात्र

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. अडखळलेलं आणि पुन्हा पुन्हा बोललेलं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय. कमांड तोंडाने जशा म्हटल्या तशाच देवनागरीत उतरवल्यात.)

पहाटेचे साडेचार वाजलेत आणि मी मुद्दाम आत्ता रेकॉर्ड करतोय. मी राहतो शिक्रापुरात, चाकण चौकाच्या जवळ. पाच-सव्वापाचला कंपन्यांच्या बस सुरू झाल्या की इथं बोललेलं स्वतःलाच ऐकू येत नाही. म्हणजे आपल्याकडे पाऊण तास आहे.

आजचा विषय नावावरून कंटाळवाणा वाटेल. क्लाउडवरच्या मशीनला जादा डिस्क जोडून लॉग तिकडे ठेवायचे, एवढाच. पण यात माझ्या हातून एक चूक झालीय, आणि तिची किंमत दुसऱ्याच एका पोराने मोजली. ते सांगायचं म्हणून हा भाग.

आधी तुमच्या फोनकडे बघा. 'स्टोरेज जवळजवळ भरलं आहे' असा मेसेज ज्याला कधी आला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. फोटो निघत नाही, यूपीआयचं अ‍ॅप अपडेट मागतं आणि अपडेट होत नाही, व्हॉट्सअ‍ॅप अडकतं. आणि जागा कुणी खाल्ली? तर गावाकडच्या ग्रुपवरच्या सुप्रभातच्या फुलांनी. ज्याचा कामाशी काही संबंध नाही त्याने कामाची जागा खाल्ली. पूर्वी आपण काय करायचो? मेमरी कार्ड घालायचो आणि फोटो-व्हिडिओ कार्डावर जातील असं सेटिंग करायचो. कार्ड भरलं तर नवा फोटो निघत नसे, पण फोन लागायचा. सर्व्हरचंही तेच आहे. फरक एवढाच की सर्व्हर अडकला की एकट्याचं नाही, गेटवर उभ्या असलेल्या सगळ्यांचं अडतं.

लॉग म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सणसवाडी किंवा रांजणगावच्या कुठल्याही कंपनीच्या गेटवर जा. वॉचमनच्या टेबलावर रजिस्टर असतं. गाडी नंबर, आत आली किती वाजता, बाहेर गेली किती वाजता, सही. सॉफ्टवेअरसुद्धा असं रजिस्टर लिहीत असतं. कोण आलं, काय मागितलं, काय दिलं, कुठे बिनसलं. फरक इतकाच की वॉचमन दिवसाला चार पानं लिहितो आणि सॉफ्टवेअर सेकंदाला पाच ओळी लिहू शकतं. आता कल्पना करा की ही सगळी रजिस्टरं वॉचमनच्या केबिनमध्येच रचून ठेवलीत. एक दिवस असा येईल की केबिनमध्ये वॉचमनला बसायला जागा नाही, आणि गेट उघडायचं बटण आतच.

आता ती रात्र. इथून जवळच एक कारखाना आहे, नाव सांगत नाही. पत्र्याचे पार्ट दाबून गाड्यांच्या कंपन्यांना देतात. त्यांचा डिस्पॅच क्लाउडवरच्या एका मशीनवर चालतो. गाडी काट्यावर येते, वजन थेट सॉफ्टवेअरमध्ये जातं, चलन निघतं, गेटपास निघतो, गाडी जाते. मशीन मी सांभाळतो. पगारी नाही, महिन्याला ठरलेले पैसे. अशी चार-पाच ठिकाणं माझ्याकडे आहेत.

नोव्हेंबरअखेर त्यांनी काट्याला नवीन इंडिकेटर बसवला. जोडणी नीट होतेय का ते बघायला मी डीबग लॉग चालू केला. म्हणजे काट्याकडून आलेला प्रत्येक आकडा फाइलमध्ये लिहायचा. काम झालं, इंडिकेटर चालू झाला, मी चहा पिऊन घरी आलो. डीबग बंद करायचा राहिला.

हिशेब करून बघा, मी तो फार उशिरा केला. एक ओळ साधारण 400 बाईटची. सेकंदाला पाच ओळी, कारण काट्यावर गाडी असो-नसो, इंडिकेटर आकडे पाठवतच राहतो. सेकंदाला 2,000 बाईट. दिवसात 86,400 सेकंद. झाले रोजचे 173 एमबी. महिन्याला पाच जीबीच्या वर. चार महिन्यांत 21 जीबी. आणि मशीनची डिस्क केवढी? 30 जीबी, एकच. तिच्यावरच ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्यावरच सॉफ्टवेअर, तिच्यावरच डेटाबेस. हे तिन्ही मिळून आठ जीबी. कुठल्या रात्री काय होणार ते नोव्हेंबरमध्येच कागदावर मांडता आलं असतं.

ते झालं 29 मार्चच्या रात्री, पावणेदोनला. मार्चएंड म्हणजे काय असतं ते या भागात कुणाला सांगायला नको. सुपरवायझरचा फोन आला, ''भाऊ, चलन निघत नाहीये. तीन गाड्या उभ्या आहेत. तिकडची लाइन सकाळी सहाला चालू होतेय.'' लाइन थांबली तर दंड कुणाच्या बोडक्यावर बसतो, तेही सांगायला नको.

लॅपटॉप उघडायलाही वेळ नव्हता, फोनवरूनच मशीनमध्ये शिरलो. डीएफ डॅश एच टाकलं. 100 टक्के. डेटाबेसला नवीन नोंद लिहायला जागाच नव्हती. कोण खातंय ते शोधलं तर काट्याची लॉग फाइल, 21 जीबी. आणि मी एका क्षणाचाही विचार न करता आरएम मारला. उडवली.

गंमत अशी की तरीही जागा मोकळी झाली नाही. परत डीएफ, परत 100 टक्के. घाम फुटला. लिनक्समध्ये एखादी फाइल कुठल्या प्रोग्रामने उघडून धरली असेल, तर तुम्ही ती डिलीट केली तरी फक्त नाव जातं. प्रोग्राम ती सोडेपर्यंत जागा परत मिळत नाही. अशा नाव गेलेल्या पण धरून ठेवलेल्या फायली एलएसओएफ अधिक एल वन या कमांडने दिसतात. मी सर्व्हिस रीस्टार्ट केली, फाइल सुटली, जागा मोकळी. तीन वाजून दहा मिनिटांनी शेवटची गाडी बाहेर. सुपरवायझर म्हणाला, ''भाऊ, वाचवलंत.'' मी झोपलो.

सहा दिवसांनी मालकांचा फोन. 27 मार्चच्या एका गाडीत चलनापेक्षा 380 किलो माल कमी भरला, समोरच्या कंपनीने डेबिट नोट पाठवलीय. त्या दिवशी काट्यावर ठेकेदाराचा एक पोरगा होता. मराठवाड्यातला, खोली करून इथंच राहणारा, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वयाचा. तो म्हणत होता, ''काटा त्या दिवशी स्थिर नव्हता, आकडा वरखाली होत होता, मी सुपरवायझरला सांगितलं होतं.'' सुपरवायझर म्हणत होता, ''मला कुणी काही सांगितलं नाही.'' मालक मला म्हणाले, ''तुमच्या त्या फाइलमध्ये बघा ना, आकडा हलत होता की नव्हता.''

सेकंदाला पाच आकडे. काटा हलत होता का नव्हता, हे जगात फक्त त्या एका फाइलमध्ये होतं. आणि ती मी उडवली होती.

मी मालकांना तसं सांगितलं. ते गप्प बसले, मग म्हणाले, ''बरं.'' तोवर ठेकेदाराने पोराला थांबवलंच होतं, आठवड्याचे पैसे कापून. तो खरं बोलत होता का? मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कळणार नाही. मी ज्याला कचरा समजत होतो तो त्याचा एकमेव साक्षीदार होता.

तुम्ही म्हणाल, उडवायच्या आधी कॉपी का नाही केली? कुठे करणार? डिस्क भरलेली, दाबून लहान करायची म्हटलं तरी त्याला आधी मोकळी जागा लागते. नवीन डिस्क जोडून तिच्यावर हलवता आली असती, पंधरा-वीस मिनिटांचं काम. पण रात्री पावणेदोनला, तीन गाड्यांची इंजिनं चालू असताना, माणसाला आरएमच सुचतो. ती जागा आधीच असायला हवी होती.

जागेअभावी थांबणं फक्त आपल्यासारख्या छोट्यांच्या नशिबी असतं असं नाही. 29 ऑगस्ट 2023 ला टोयोटाचे जपानमधले सगळे 14 कारखाने थांबले होते. काहींना आधी वाटलं सायबर हल्ला. नंतर कंपनीने स्वतःच सांगितलं की 27 तारखेला सर्व्हरची नेहमीची देखभाल चालू होती, डेटाबेसमध्ये साचलेला डेटा काढून नीट लावत होते, आणि डिस्कवर जागा पुरली नाही म्हणून सिस्टीम बंद पडली. पार्टच्या ऑर्डर घेणारे सर्व्हर होते ते. बॅकअप होता, पण तोही त्याच सिस्टीमवर, त्यामुळे तोही तसाच पडला. शेवटी जास्त जागेच्या सर्व्हरवर डेटा हलवला आणि 30 तारखेला कारखाने चालू झाले. तिथे लॉग नव्हे, डेटाबेसचा डेटा होता, हे खरं. पण साफसफाई करतानाच जागा संपली, आणि पर्यायही त्याच छपराखाली होता, हे वाचून मला आपलाच काटा आठवला.

तर आता मी काय केलं ते. हे मशीन अ‍ॅझ्युरवर आहे, मायक्रोसॉफ्टच्या सेंट्रल इंडिया विभागात. सेंट्रल म्हटलं तरी हा विभाग पुण्यातला, 2015 पासूनचा. म्हणजे शिक्रापूरच्या काट्याचा आकडा आपल्याच जिल्ह्यात जाऊन बसतो.

पोर्टलवर मशीन उघडायचं, डिस्क्समध्ये जाऊन नवीन डेटा डिस्क जोडायची. मशीन बंद करावं लागत नाही. किती जीबीची घ्यायची? इथं एक व्यवहाराची गोष्ट. अ‍ॅझ्युरच्या एसएसडी डिस्कचं बिल टप्प्यांनी लागतं. 32, मग 64, मग 128. तुम्ही 33 जीबी मागितलीत तरी पैसे 64 चेच. म्हणून मी सरळ 64 घेतली.

मग मशीनमध्ये एलएसबीएलके. ही कमांड सगळ्या डिस्क दाखवते. इथं घाई करायची नाही. नव्या डिस्कला फॉरमॅट करताना चुकून जुन्या डिस्कचं नाव टाकलंत तर आज मी जे सांगतोय ते फार किरकोळ वाटेल. आकार बघा, काही माउंट नाही ना ते बघा, मगच एमकेएफएस.

आणि एक सापळा, ज्यात मी पाय टाकतच होतो. अ‍ॅझ्युरच्या बऱ्याच मशीनना आधीपासूनच एक दुसरी डिस्क दिसते, लिनक्समध्ये बहुतेक वेळा एमएनटी या फोल्डरवर. मला वाटलं, वा, फुकट डिस्क आहे की, लॉग तिकडेच ढकलू. ती टेम्पररी डिस्क. मशीन बंद करून सोडून दिलं, किंवा मायक्रोसॉफ्टने ते दुसऱ्या हार्डवेअरवर हलवलं, की तिच्यावरचं सगळं साफ. तिच्यात तशी इशारा देणारी एक फाइलसुद्धा ठेवलेली असते. कोण वाचतो? ज्या दिवशी मशीन आजारी पडतं त्याच दिवशी लॉग हवे असतात, आणि नेमके त्याच दिवशी ते गेलेले असतात.

पुढे. नवी डिस्क आधी तात्पुरत्या फोल्डरवर माउंट करायची. माउंट म्हणजे काय, तर डिस्कला घराचा पत्ता देणं, या फोल्डरात जे जाईल ते या डिस्कवर पडेल. मग सर्व्हिस बंद. जुने लॉग आरसिंक डॅश ए ने कॉपी, म्हणजे कुठली फाइल कुणाच्या मालकीची हेही तसंच जातं. साधी कॉपी केलीत तर मालकी बदलते आणि सॉफ्टवेअर म्हणतं मला लिहायची परवानगी नाही. मग जुन्या फोल्डरचं नाव बदलायचं, त्याच जुन्या नावाचं रिकामं फोल्डर करायचं आणि नवी डिस्क तिथं लावायची. सॉफ्टवेअरला कळतही नाही की खाली जमीन बदलली.

जुनं फोल्डर बाजूला न करता त्याच्यावरच डिस्क माउंट केली तर काय होतं? जुने लॉग दिसेनासे होतात, पण मूळ डिस्कवरची जागा खातच राहतात. मी एका ठिकाणी दीड दिवस हा गोंधळ शोधत होतो.

मशीन रीस्टार्ट झाल्यावर डिस्क आपोआप लागावी म्हणून एफएसटॅब फाइलमध्ये ओळ लिहायची. तिथं एसडीसी वगैरे नाव लिहू नका, ती नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात. डिस्कचा यूयूआयडी लिहा, तो बीएलकेआयडी कमांडने मिळतो. सोबत नोफेल हा शब्द लिहा, म्हणजे एखाद्या दिवशी डिस्क सापडली नाही तरी मशीन चालू होईल. आणि रीस्टार्ट करायच्या आधी माउंट डॅश ए करून बघा. त्या फाइलमध्ये चूक राहिली आणि मशीन उठलंच नाही, तर क्लाउडवरच्या मशीनला जाऊन कीबोर्ड लावता येत नाही.

पण नोफेलची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. डिस्क लागली नाही, मशीन मात्र चालू झालं, तर सॉफ्टवेअर लॉग कुठे लिहिणार? त्या रिकाम्या फोल्डरात. आणि ते फोल्डर आहे मूळ डिस्कवर. म्हणजे पुन्हा 29 मार्च. त्यावर उपाय, डिस्क माउंट करायच्या आधी त्या रिकाम्या फोल्डरला सीएचअ‍ॅटर अधिक आय लावून टाका. मग त्याच्यात रूटसुद्धा नवी फाइल करू शकत नाही. डिस्क नसेल तर लॉग लिहिलाच जाणार नाही, सॉफ्टवेअर आरडाओरडा करेल, तुम्हाला कळेल. आमच्या काट्याचं सॉफ्टवेअर लॉग नसला तरी चलन काढतं, हे मी आधी तपासून घेतलं. तुमचं सॉफ्टवेअर लॉगशिवाय चालूच होत नसेल तर ते आज दुपारी कळू दे, रात्री नको.

सगळा व्हार-लॉग हलवायचा का फक्त आपल्या सॉफ्टवेअरचा? माझं मत, मशीन नवीन उभं करत असाल तर सगळा, कारण तेव्हा सोपं असतं. चालू मशीनवर असाल तर जो हावरट आहे तेवढाच हलवा. सिस्टीमच्या स्वतःच्या जर्नलला एक कमाल मर्यादा घालून द्या, जर्नलडीच्या सेटिंगमध्ये सिस्टीम मॅक्स यूज म्हणून आहे.

वेगळी डिस्क दिली म्हणजे ती भरणार नाही असं थोडंच आहे. म्हणून लॉगरोटेट. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, तिथं जुने कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. लॉगरोटेट तेच करतो. रोजची फाइल बंद करतो, दाबून गाठोडं बांधतो, तारीख घालतो, आणि ठरवलेल्या दिवसांनंतरचं सर्वांत जुनं गाठोडं टाकून देतो. त्यातही, सॉफ्टवेअरने फाइल धरून ठेवायची सवय तुम्हाला आता माहीत आहे. म्हणून रोटेट झाल्यावर सॉफ्टवेअरला नवी फाइल उघडायला सांगावं लागतं, ते विसरू नका.

किती दिवस ठेवायचे? हा नुसता आवडीचा प्रश्न नाही. सर्ट-इन, म्हणजे केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची यंत्रणा, तिने 28 एप्रिल 2022 ला आदेश काढलाय. कंपन्यांनी आपल्या सगळ्या सिस्टीमचे लॉग चालू ठेवायचे, मागचे 180 दिवस सांभाळायचे, भारतात. सायबर घटना झाली तर सहा तासांत कळवायचं. मशीनची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवायची. आपल्या भागातल्या किती छोट्या युनिटना हे माहीत असेल, देव जाणे. मी मालकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ''एवढं सगळं त्या काट्यासाठी?'' पण आता 180 दिवस ठेवतो. काट्यावर गाडी असेल तेव्हाच आकडे लिहायचे असं केलंय, त्यामुळे फाइल बरीच आटोक्यात आलीय.

मागच्या भागाखाली एकाने विचारलं होतं, दुसरी डिस्कच कशाला, आहे तीच 30 ची 128 करा की. करता येते. पण लॉगला आवर घातला नसेल तर तो 128 सुद्धा खातो, फक्त उशिरा. शिवाय क्लाउडवर डिस्क मोठी करता येते, लहान करता येत नाही. वेगळी डिस्क असेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला लावून शांतपणे वाचता येते. मशीन डिलीट केलं तरी जोडलेली डेटा डिस्क सहसा मागे राहते. आणि हो, तिचं बिलही चालू राहतं, तेवढं लक्षात ठेवा.

एक राहिलं. दोन्ही डिस्कवर 80 टक्क्यांना अलार्म लावलाय. मेसेज माझ्या फोनवर येतो आणि सुपरवायझरच्याही. त्याच्या फोनवर मुद्दाम लावला, कारण तो रात्री जागा असतो.

त्या पोराचा नंबर ठेकेदाराकडून मिळवून मी फोन केला होता. चाकणला दुसऱ्या कंपनीत लागलाय म्हणाला. मी सांगितलं की फाइल माझ्या हातून गेली. तो म्हणाला, ''दादा, मला माहीतच नव्हतं तशी काही फाइल असते.'' कापलेले पैसे मी देतो म्हटलं तर नको म्हणाला, मग घेतले.

आत्ता बोलता बोलता बघितलं. मूळ डिस्क 31 टक्के, लॉगची 44. चला, पहिली बस आली, हॉर्न ऐकू आला असेल तुम्हालाही. थांबतो इथंच. तुमच्या मशीनवर डीएफ डॅश एच टाका आणि काय आकडा आला तो खाली लिहा.